डॉ. आंबेडकरांच्या लंडनच्या अभ्यासांतील खंड
(इ. स. १९१७ ते १९२०)

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें नांव प्राच्यविद्येच्या अभ्यासकांस आढळतें तें 'इंडियन अँटिक्वरी'च्या इ. स. १९१७ च्या मे महिन्याच्या अंकांत. त्या अंकांतील जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध त्यांनीं ता. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्क येथें, कोलंबिया विद्यापीठांत डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गांत वाचला होता. ज्यांच्या संग्रहीं त्या मासिकाच्या जुन्या फायली आहेत त्यांच्या नजरेंतून ताम्रपट चाळतां चाळतां हा निबंध गेला असेल. तो छापून बाहेर पडला तेव्हां त्याचे कर्ते लंडनांत अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास करीत होते. पुढें तीनच महिन्यांनीं, ता. २१ ऑगस्ट १९१७ रोजीं, ते मुंबई बंदरांत उतरले. शिष्यवृत्ति संपली होती, अभ्यास अर्धवट राहिला होता, आणि तो पुनः हातीं घेण्यास इ. स. १९२० चा सप्टेंबर महिना उजाडावा लागला. मधल्या तीन वर्षांचा हा जो खंड, तो प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या खंडाकडे चरित्रकारांचें लक्ष गेलें नाहीं असें मुळींच नाहीं. चां. भ. खैरमोडे यांच्या विस्तृत मराठी चरित्राचा पहिला भाग इ. स. १९५२ सालीं निघाला व धनंजय कीर यांचें इंग्रजी चरित्र इ. स. १९५४ सालीं. पुढील बहुतेक लेखन या दोन ग्रंथांच्या आधारावर उभें आहे. साउथबरो कमिटीपुढील साक्ष, 'मूकनायक' पत्र, माणगांवची परिषद हे या तीन वर्षांतील प्रसंग दोघांनींहि सविस्तर दिले आहेत, व सार्वजनिक कार्याचा आरंभ म्हणून ते द्यावे हें योग्यच आहे. परंतु विद्यार्थी या नात्यानें पाहतांना मात्र ही वर्षें केवळ अडथळ्याचीं, जणूं वजा घालावयाचीं, मानण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें तारखा व आंकडे जुळवून पाहिले असतां निराळें चित्र दिसतें. अभ्यास सुटलेला हा विद्यार्थी मुंबईंत प्राध्यापक होऊन जें शिकवीत होता, आणि ज्या शहरांत व ज्या महिन्यांत शिकवीत होता, त्यांतूनच त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रबंधाची तयारी झाली, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत देतों. आंबेडकर इ. स. १९१२ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. इ. स. १९१३ सालीं श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस परदेशच्या अभ्यासासाठीं तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली, व अभ्यास पुरा झाल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी असा करार करून घेतला. हा करार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कोलंबिया विद्यापीठांत इ. स. १९१५ सालीं ते एम. ए. झाले. तेथील डॉक्टरच्या पदवीच्या सालाविषयीं मात्र पुस्तकांतून बराच घोंटाळा आढळतो. कोणी १९१६ लिहितात, कोणी १९१७, तर कोणी १९२७. याचें कारण साधें आहे. प्रबंध मान्य झाला तरी तो छापून त्याच्या प्रती दाखल केल्यावांचून कोलंबिया विद्यापीठ त्या काळीं पदवी देत नसे. छपाईस पैसा कोठला? तो ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक जमाखर्चाचा इतिहास या रूपानें लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनें इ. स. १९२५ सालीं काढला आणि पदवी इ. स. १९२७ सालीं मिळाली. म्हणजे विद्या एका सालीं, तिचें प्रशस्तिपत्र दुसऱ्या सालीं. या भेदाची पुढेंहि गरज पडणार आहे.

इ. स. १९१६ च्या ऑक्टोबरांत ते लंडनला गेले. ग्रेज इन या कायद्याच्या संस्थेंत त्यांनीं नांव दाखल केलें, व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अर्थशास्त्राच्या उच्च पदवीसाठीं प्रवेश घेतला. तेथें हॉबहाउस यांचा समाजविकासाचा वर्ग, मॅकिंडर यांचा भूगोलाचा वर्ग व लोज डिकिन्सन यांचा राजकीय विचारांचा वर्ग त्यांनीं धरला होता. वर्ष पुरें होतें न होतें तोंच शिष्यवृत्तीची मुदत संपली व करारान्वयें बडोद्यास रुजू होणें भाग पडलें. निघण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट केली, तिचें महत्त्व पुढें कळून येतें. लंडन विद्यापीठाकडून त्यांनीं अशी परवानगी मिळविली कीं, इ. स. १९१७ च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आंत परत आल्यास अभ्यास पूर्वी जेथें थांबला तेथून पुढें चालूं करतां यावा. म्हणजे शेवटची मर्यादा इ. स. १९२१ चा ऑक्टोबर. या मर्यादेच्या आंत प्रवासाचा खर्च, लंडनमधील दोनतीन वर्षांचा निर्वाह, शुल्क आणि घरीं ठेवलेल्या कुटुंबाची तरतूद इतकें सारें जमवावयाचें होतें, आणि जमविणाराजवळ त्या दिवशीं कांहींहि नव्हतें.

ग्रंथसंग्राहकांस हळहळ वाटावी अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. आंबेडकर न्यूयॉर्कमध्यें असतांना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमवीत. कीर यांनीं हा संग्रह सुमारें दोन हजार ग्रंथांचा असल्याचें लिहिलें आहे. तो एका परिचिताच्या हवालीं करून हिंदुस्थानांत धाडण्याची व्यवस्था त्यांनीं केली होती. पैकीं थोडेच ग्रंथ पुढें त्यांच्या हातीं लागले. लंडनमधील सामानाचें तर याहूनहि वाईट झालें. इ. स. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनीं व्यापारी जहाजांवरहि सरसहा हल्ले आरंभिले होते. आंबेडकर स्वतः फ्रान्समधून आगगाडीनें मार्सेल्सला जाऊन तेथून 'कैसर-इ-हिंद' बोटीवर चढले, आणि सामान मात्र दुसऱ्या जहाजानें पाठविलें. तें जहाज पाणबुडीनें बुडविलें. पुस्तकें व टिपणें समुद्राच्या तळाशीं गेलीं. सामानाच्या नुकसानीबद्दल टॉमस कुक कंपनीकडून सहाशें रुपये मिळाले, आणि बडोद्यास जाण्याचा व तेथें बिऱ्हाड करण्याचा खर्च त्यांतूनच भागला, असें चरित्रकार सांगतात. जी ग्रंथसंपदा बुडाली तिच्याच भरपाईवर नोकरीच्या गांवीं जावें लागावें, असा हा प्रकार होता.

बडोद्याची हकीकत सर्वश्रुत आहे व ती त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे, म्हणून येथें तिचा विस्तार करीत नाहीं. महाराजांचे लष्करी चिटणीस म्हणून नेमणूक झालेला, दोन खंडांत शिकून आलेला हा मनुष्य, अस्पृश्य म्हणून त्यास गांवांत राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेंत तो नांव बदलून राहिला, व अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यास तेथून बाहेर काढलें. इ. स. १९१७ च्या अखेरीस ते मुंबईस परत आले ते कायमचेच. त्यानंतरचें वर्ष खासगी शिकवण्या व किरकोळ कामें करण्यांत गेलें. शेअर-रोख्यांच्या व्यवहारांत सल्ला देण्याची एक पेढीहि त्यांनीं काढली होती. सल्ला देणाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासें झालें व ती बंद पडली. तथापि याच वर्षीं, म्हणजे इ. स. १९१८ सालीं, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकांत शेतीच्या लहान तुकड्यांविषयींचा त्यांचा लेख व बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचें परीक्षण हीं दोन्ही प्रसिद्ध झालीं. पदवीचा अभ्यास थांबला होता, वाचन थांबलें नव्हतें, इतकें यावरून सिद्ध होतें.

इ. स. १९१८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. हें कॉलेज व्यापारी शिक्षणासाठीं इ. स. १९१३ सालीं निघालेलें, म्हणजे तेव्हां अवघें पांच वर्षांचें होतें. त्याला ज्यांचें नांव दिलें गेलें ते मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशीं आंबेडकरांचा लंडनांत परिचय झाला होता, व त्यांची शिफारस या नेमणुकीस उपयोगी पडली. पगार दरमहा ४५० रुपये. प्रारंभीं विद्यार्थी या नव्या प्राध्यापकाकडे साशंकतेनें पाहत, पण लवकरच दुसऱ्या कॉलेजांतील मुलेंहि त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास येऊं लागलीं. प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनीं हात लावूं नये असें कांहीं सहकाऱ्यांचें म्हणणें होतें, हेंहि चरित्रांत नमूद आहे. दोन्ही गोष्टी एकाच इमारतींत, एकाच वेळीं घडत होत्या.

या नोकरीचा हिशेब करून पाहूं. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सुमारें सोळा महिने ती चालली. म्हणजे एकंदर पगार ७,२०० रुपयांच्या आसपास. परळच्या चाळींतील बिऱ्हाड, पत्नी रमाबाई, मुलगा, वडील बंधूंच्या पश्चात् अंगावर पडलेलें कुटुंब, हें सर्व त्यांत चालवावयाचें आणि लंडनसाठींहि शिल्लक टाकावयाची. मोठा पगार होऊनहि राहणी चाळींतीलच ठेवली ती यासाठीं. घरखर्चास ठराविक रक्कम देऊन बाकीची ते बाजूला काढीत.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. नाणकशास्त्राचा ज्यांस नाद आहे त्यांस इ. स. १९१७ ते १९२० हा काळ फार चांगला माहीत असतो, कारण त्या तीन वर्षांत हिंदुस्थानच्या चलनांत जितके चमत्कारिक जिन्नस निघाले तितके पूर्वीच्या पन्नास वर्षांत निघाले नव्हते. एक रुपयाची कागदी नोट प्रथम निघाली ती ता. ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं. पाठोपाठ इ. स. १९१८ सालीं अडीच रुपयांची नोट आली; ती आज संग्राहकांस मोठ्या प्रयासानें मिळते. चांदीच्या दोन आणेलीच्या जागीं निकलची दोन आणेली इ. स. १९१८ सालीं, व निकलची पावली आणि अधेली इ. स. १९१९ सालीं पाडण्यांत आल्या. याच्या मुळाशीं चांदीचा भाव होता. रुपयाचें वजन १८० ग्रेन व त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. इ. स. १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या व पुढें रुपयाची किंमत सोळा पेन्सांवर बांधून ठेविली. लंडनांत चांदी औंसास ४३ पेन्सांच्या खालीं असे तोंवर ही व्यवस्था निर्वेध चालली, कारण रुपयांतील चांदीपेक्षां रुपयाची किंमत अधिक होती. युद्धांत चांदी महाग होऊन इ. स. १९१७ च्या ऑगस्टांत ही मर्यादा ओलांडली गेली. मग रुपया वितळविण्यांतच फायदा उरला. लोक रुपये दाबून बसले, आणि सरकारची रोकड इतकी आटली कीं, इ. स. १९१८ सालीं अमेरिकेच्या खजिन्यांतील चांदी मागवून नोटांचा वटाव राखावा लागला.

सरकारनें उपाय केला तो रुपयाचा भाव वाढविण्याचा. पायऱ्या अशा : ऑगस्ट १९१७ मध्यें सतरा पेन्स, एप्रिल १९१८ मध्यें अठरा, मे १९१९ मध्यें वीस, ऑगस्टांत बावीस, सप्टेंबरांत चोवीस, नोव्हेंबरांत सव्वीस, डिसेंबर १९१९ मध्यें अठ्ठावीस. पहिली पायरी आणि आंबेडकरांचें मुंबईस उतरणें या गोष्टी एकाच महिन्यांतल्या आहेत, आणि शेवटच्या पांच पायऱ्या ते सिडनहॅममध्यें अर्थशास्त्र शिकवीत असतांनाच्या आहेत. या अस्थिरतेचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ कमिटीनें रुपया दोन शिलिंग सोन्याच्या भावास बांधावा अशी शिफारस केली. तिला मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल यांनीं एकट्यानें विरोध नोंदविला. शिफारस इ. स. १९२० च्या फेब्रुवारींत अमलांत आणण्याचा यत्न झाला. हा भाव टिकविण्यासाठीं सरकारनें इ. स. १९२० च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत सुमारें साडेपांच कोटि पौंडांच्या, लंडनांत वटणाऱ्या हुंड्या विकल्या. भाव टिकला नाहीं. इ. स. १९२१ च्या आरंभीं रुपया सोळा पेन्सांच्याहि खालीं घसरला. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यांनीं दोन शिलिंगांच्या भरंवशावर विलायतेचा माल मागविला होता ते त्यांत बुडाले.

ज्या कॉलेजांतील मुलें उद्यां याच पेढ्यांवर बसावयाचीं, त्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास हा प्रश्न पुस्तकांतून शोधावा लागत नव्हता. तो रोजच्या बाजारभावांत छापून येत होता. आंबेडकरांचा डी. एस्सी. चा प्रबंध 'रुपयाचा प्रश्न' या विषयावर झाला, यांत आम्हांस योगायोग दिसत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं जें काम केलें होतें तें राष्ट्रीय उत्पन्न व सरकारी जमाखर्च या विषयांवरचें, चलनावरचें नव्हे. कोणी म्हणेल कीं हा विषय इ. स. १९१७ पूर्वींच लंडनांत त्यांच्या मनांत आला असेल. असेलहि. परंतु त्या वेळीं रुपया सोळा पेन्सांवर स्थिर होता, आणि केन्स यांच्या इ. स. १९१३ च्या ग्रंथामुळें हिंदी चलनपद्धति ही अनुकरणीय आहे असा तज्ज्ञांचा समज झाला होता. त्या समजाविरुद्ध उभें राहण्यास जो पुरावा लागतो तो इ. स. १९१७ नंतरच्या तीन वर्षांनीं पुरविला. केन्स यांच्याविरुद्ध आंबेडकरांचा मुख्य आक्षेप असा कीं, जी पद्धति सरकारला रुपये पाडण्यास मोकळीक देते ती रुपयाची खरेदीशक्ति स्थिर ठेवूं शकत नाहीं, आणि हुंडणावळीचा भाव हें मूळ दुखणें नसून त्या दुखण्याचें लक्षण आहे. सोळा महिने बाजारभाव व हुंडणावळ शेजारींशेजारीं पाहिलेल्या अध्यापकाची ही दृष्टि आहे, असें आमचें अनुमान.

तो ग्रंथ ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों कीं, त्याचा आरंभ इतिहाससंशोधकास ओळखीच्या प्रदेशांत होतो. मोगलांच्या मोहरा व रुपये यांमध्यें कायद्यानें ठरविलेलें प्रमाण नव्हतें. बादशाही मोडल्यावर जागोजाग टांकसाळी निघून नाण्यांचा कस बिघडला. मग कंपनी सरकारनें मद्रास इलाख्यांत इ. स. १८१८ त व मुंबई इलाख्यांत इ. स. १८२४ त १८० ग्रेनांचा रुपया सुरू करून अखेर इ. स. १८३५ च्या कायद्यानें तोच सर्व देशाचा केला, ही कथा प्रथम येते. पेशवाईच्या अखेरच्या हिशेबांत नाना तऱ्हेच्या रुपयांचा बट्टा काढतांना ज्यांचें डोकें दुखलें आहे त्यांनीं हें पहिलें प्रकरण अवश्य वाचावें.

रुपयाच्या भावाचा संबंध आंबेडकरांच्या केवळ विषयाशीं नव्हता, त्यांच्या खिशाशींहि होता. आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून त्यांनीं पांच हजार रुपये कर्जाऊ घेतले, कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं साहाय्य केलें, आणि उरलेली भर स्वतःच्या शिलकेची. आतां पांच हजार रुपये म्हणजे दोन शिलिंगांच्या भावानें ५०० पौंड. सोळा पेन्सांच्या भावानें तेच ३३३ पौंड भरतात. हा हिशेब केवळ प्रमाण दाखविण्यासाठीं दिला आहे. तरी जो मनुष्य रुपयांत शिल्लक टाकून पौंडांत खर्च करणार, त्याला इ. स. १९२० व १९२१ या दोन सालांत केवढा फरक पडला असेल तें यावरून कळेल. पोटावर बसलेल्या चिमट्याचें कारण टेबलावरच्या प्रबंधांत लिहिलें जात होतें.

निघण्याच्या वेळेचाहि थोडा विचार केला पाहिजे. इ. स. १९१९ च्या जानेवारींत साउथबरो कमिटीपुढें साक्ष झाली. ता. ३१ जानेवारी १९२० रोजीं 'मूकनायक' निघालें. मार्चांत राजीनामा, त्याच महिन्यांत माणगांवची परिषद, जेथें स्वतः शाहू छत्रपतींनीं या तरुणाचा पुरस्कार केला. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरची परिषद. आणि ता. ५ जुलै १९२० रोजीं लंडनकडे प्रयाण. पत्र सहा महिन्यांचें झालेलें नाहीं, पुढारीपण नुकतें कोठें पदरीं आलेलें, अशा वेळीं देश सोडून जाण्याबद्दल त्यांच्या अनुयायांपैकीं कांहींस वाईट वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु इ. स. १९२१ च्या ऑक्टोबरची ती मर्यादा डोळ्यांपुढें ठेवली म्हणजे या घाईचा उलगडा होतो. पैसा जमतांच जाणें प्राप्त होतें. आणखी एक वर्ष थांबावें तर पूर्वीचा प्रवेश व्यर्थ जाऊन सर्व नव्यानें करावें लागलें असतें. त्यांनीं अभ्यास समाजकार्याच्या वर ठेविला, अशी टीका कोणी करील तर ती कालक्रम न पाहतां केलेली ठरेल.

लंडनांत ते सप्टेंबर १९२० मध्यें पुनः दाखल झाले. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनीं लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांस त्यांच्याविषयीं पत्र लिहिलें होतें. फॉक्सवेल यांनीं तेथील चिटणिसांस कळविलें तें गमतीचें आहे : या गृहस्थांस डॉक्टरची पदवी पूर्वींच मिळाली आहे, तेव्हां येथें त्यांनीं जिंकावें असें फारसें कांहीं उरलें नाहीं, असा त्याचा भावार्थ. वर जो विद्या व प्रशस्तिपत्र यांतील भेद सांगितला तो येथें प्रत्ययास येतो. ज्या पदवीस अद्याप सात वर्षें अवकाश होता ती लंडनांतील विद्वानांनीं त्यांच्या पदरांत घालून टाकली होती.

पुढील क्रम पाहावा. जून १९२१ मध्यें एम. एस्सी. झाली, म्हणजे दाखल झाल्यापासून अवघ्या नऊ महिन्यांत. तिचा प्रबंध साम्राज्याच्या जमाखर्चाच्या प्रांतवार विभागणीवर होता, व हा विषय न्यूयॉर्कपासून हातचा होता. म्हणून नऊ महिने पुरले. जून १९२२ मध्यें बॅरिस्टरी मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्यें डी. एस्सी. साठीं 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध विद्यापीठास सादर झाला. मध्यंतरीं जर्मनींत बॉन विद्यापीठांत नांव घालण्याचाहि खटाटोप त्यांनीं केला. एम. एस्सी. पासून सोळा महिन्यांत, कायद्याच्या परीक्षा सांभाळून, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयांत उघडण्याच्या वेळेपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत बसून, अर्धपोटीं राहून, एका संपूर्ण नव्या विषयावर शंभर वर्षांच्या सरकारी कागदपत्रांचा धांडोळा घेणारा ग्रंथ लिहून व्हावा, ही गोष्ट विषय आधींपासून मनांत मुरल्यावांचून संभवत नाहीं. आमच्या म्हणण्यास हा दुसरा आधार.

परीक्षकांनीं मार्च १९२३ मध्यें प्रबंध सुधारून आणण्यास सांगितलें. ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांस झोंबली, असें कारण चरित्रकार देतात. हातचे पैसे संपले होते. एप्रिलमध्यें आंबेडकर मुंबईस परतले, तेथेंच फेरफार केला व ऑगस्टांत प्रबंध पुनः पाठविला. निष्कर्ष बदलले नाहींत, मांडणी कांहींशी सौम्य केली. नोव्हेंबर १९२३ मध्यें पदवी मिळाली. म्हणजे ज्या प्रबंधाचें बीज आमच्या मतें मुंबईंत पडलें, त्यावरचा शेवटचा हातहि मुंबईंतच फिरला. लंडनांत ते जेथें राहत तें किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०१५ सालीं विकत घेतलें. परळच्या चाळींतील जी खोली या अभ्यासाची पहिली जागा, तिचाहि उल्लेख अशा प्रसंगीं व्हावा असें वाटतें.

ग्रंथसंग्राहकांसाठीं एक सूचना करून हा लेख पुरा करतों. 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ पी. एस. किंग कंपनीनें लंडनांत डिसेंबर १९२३ मध्यें प्रसिद्ध केला. त्याला लंडन स्कूलचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. ग्रंथकाराशीं कांहीं बाबतींत मतभेद असल्याचें तींत मोकळेपणानें सांगून त्यांनीं त्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणी केली आहे. इ. स. १९२५ च्या डिसेंबरांत चलनविषयक रॉयल कमिशनपुढें आंबेडकरांनीं साक्ष दिली तेव्हां हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोन वर्षें झालीं होतीं. पुढें इ. स. १९४७ सालीं मुंबईच्या थॅकर कंपनीनें तो पुनः छापला, पण नांव बदलून : 'हिंदी चलन व पेढी यांचा इतिहास, भाग पहिला' अशा अर्थाचें इंग्रजी नांव त्यावर घातलें आहे. दुसरा भाग निघाला नाहीं. नांवांतील या फरकामुळें कांहीं सूचींतून हे दोन स्वतंत्र ग्रंथ म्हणून नोंदले जातात. ज्यांच्या संग्रहीं दोन्ही असतील त्यांनीं ते एकाच खणांत ठेवावे.